वर इंजिन बंद पडलं तर?

ईदच्या दुसऱ्या दिवशी दस्तरखान उचलता उचलता आमच्या भाचीने सांगून टाकले की बारावीनंतर तिला पायलट व्हायचे आहे. सगळे गप्प झाले. तिच्या नानीने, म्हणजे आमच्या अम्मीने, शिरखुर्म्याची वाटी खाली ठेवून एवढेच विचारले, "आणि वर इंजिन बंद पडलं तर?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपल्या शहराने हे दुःख पाहिले आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले आणि ५५ जण गेले. तिथे इंजिन बंद पडलेले नव्हते. पण अम्मीच्या पिढीला विमान म्हटले की तोच दिवस आठवतो. म्हणून आम्ही तिच्या प्रश्नाचे उत्तर नीट शोधायचे ठरवले.

फार लांब जावे लागले नाही. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून उडालेले सेस्ना १५२ जातीचे छोटे प्रशिक्षण विमान इंजिनाची शक्ती घटल्याने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे शेतात उतरवावे लागले. आत प्रशिक्षणार्थी तरुणी एकटीच होती. विमान मोडले, तिला इजा झाली, पण ती वाचली.

इंजिन थांबले म्हणून विमान दगडासारखे खाली पडत नाही. पंखांवरून वारा वाहत असतो तोवर पंख त्याला तोलून धरतात. उतारावर पायडल न मारता सायकल चालते, तसे विमान नाक किंचित खाली ठेवून तरंगत उतरते. सेस्ना १५२ साठी तो वेग ताशी सुमारे ११० किलोमीटर असतो. वारा नसेल तर एक किलोमीटर उंचीवरून ते साधारण आठ किलोमीटर जाऊ शकते. तेवढ्यात जागा निवडायची असते.

जिवावर बेततात त्या मुख्यतः दोन चुका. पहिली, घाबरून नाक वर ओढणे. त्याने वेग मोडतो आणि पंखांचा आधार जातो. दुसरी, उड्डाण करताच इंजिन थांबले तर धावपट्टीकडे मागे वळणे. वळताना उंची झपाट्याने कमी होते. म्हणून शिकवतात की समोर जे मोकळे असेल तिथेच उतरा, विजेच्या तारा टाळा, नांगरट असेल तर तासांच्या दिशेने जा. टेकण्याआधी इंधन बंद करायचे, पट्टा आवळायचा, दार थोडे उघडे ठेवायचे. विमानाची आशा सोडायची, म्हणजे माणूस वाचतो.

पण खरी तयारी जमिनीवरच होते. इंजिन बंद पडण्याची कारणे अनेकदा साधी असतात. कधी इंधन संपलेले असते, कधी त्यात पाणी मिसळलेले असते, तर कधी दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. गॅसची शेगडी खूप वेळ चालली की सिलिंडर बाहेरून गार पडून ओला होतो, तसाच हा प्रकार. म्हणून उड्डाणापूर्वी टाकीच्या तळाचे थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून त्यात पाणी आहे का ते पाहतात. एका मिनिटाचे काम, पण टाळायचे नाही.

स्वतः बांधलेल्या प्रायोगिक विमानांना तर हे अधिकच लागू पडते, कारण तिथे प्रत्येक जोड नवा असतो. आपल्याकडे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते मुंबईकरांनी पाहिले. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि धुळ्याच्या धावपट्टीवर उड्डाणाच्या चाचण्या व्हायला २०२० साल उजाडले. हा उशीर आपल्याला खटकतो, पण अशा विमानाची परीक्षा सावकाशच व्हायला हवी. अमेरिकेतही घरी बांधलेले नवे विमान साधारणपणे पहिले २५ ते ४० तास प्रवासी न घेता, दाट वस्तीपासून दूर उडवावे लागते.

आणि असे विमान कधी आपल्याच शिवारात उतरले तर? ११२ ला फोन करा, पंख्याच्या बाजूने जाऊ नका, जवळ विडी पेटवू नका. आग नसेल तर जखमीला ओढून काढण्याची घाई करू नका.

हे सगळे भाचीने नानीला समजावले. अम्मीने ऐकून विचारले, "ते इंधनातलं पाणी बघायचं कुणी?"

"उडवणाऱ्याने. म्हणजे मीच."

"मग रोज बघायचं. दुआ मी करीन, पण पाणी तू बघायचं."

फीचा प्रश्न मोठा आहे, तो अजून सुटलेला नाही. पण इंजिनाच्या भीतीने आता आमच्या घरात कोणी नाही म्हणत नाही.