स्टिअरिंग बसलं, गिअर रुसला
कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या प्रीमियर पद्मिनीचं स्टिअरिंग काढून पुन्हा बसवलं आणि गिअर अडकू लागला, तर लगेच गिअरबॉक्स खोलायची घाई नको. या गाडीत गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असतो. आपल्याकडे ओढला की गिअरांची जोडी निवडली जाते, वर-खाली केला की त्यातला एक पडतो. ही हालचाल सळ्यांमधून गिअरबॉक्सला पोचते. स्टिअरिंगची नळी किंचित सरकून आवळली गेली तरी सळी आखूड किंवा लांब पडते. त्यात बुश झिजलेलं असेल तर विचारूच नका! इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून सळी सोडवा आणि गिअरबॉक्सवरचा लिव्हर हातानं हलवा. गिअर नीट पडले, तर दोष वरचा. मग दांडा न्यूट्रलला धरून नटानं सळी जुळवायची.