उभ्या ट्रकचा हिशेब

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून माल उचलणाऱ्या एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याचं सॉफ्टवेअर धरा. एका टेबलात ट्रक, दुसऱ्यात बिल्ट्या. मालकाला सगळ्या ट्रकची यादी हवी आहे आणि प्रत्येकासमोर या महिन्याच्या बिल्ट्यांची संख्या. एकही नसेल तिथे शून्य. खरा रस त्या शून्यातच, कारण हप्ता उभ्या ट्रकचाही भरावा लागतो.

इथे एसक्यूएलचा ‘लेफ्ट जॉइन’ लागतो: जुळणारी बिल्टी नसली तरी ट्रक यादीत राहतो. पण तारखेची अट ‘व्हेअर’मध्ये टाकली की बिनबिल्टीचे ट्रक गायब. त्यांच्या तारखेच्या जागी ‘नल’ असतो आणि नलशी केलेली तुलना कधीच खरी ठरत नाही. मग पुष्कळजण ‘किंवा तारीख नल असेल तर’ असं ठिगळ लावतात. तेही फसतं. गेल्या महिन्यात धावलेला आणि या महिन्यात उभा असलेला ट्रक तरीही गळतो, कारण त्याच्याकडे जुनी तारीख आहे! अट जॉइनच्या ‘ऑन’मध्येच हवी.

ओआरएम, म्हणजे कोडवरून एसक्यूएल तयार करणारं साधन, वापरणाऱ्यांची पंचाईत नेमकी इथे होते, कारण ‘ऑन’ ते स्वतःच लिहून टाकतं. जावाच्या जेपीए या ओआरएम-मानकात २०१३च्या २.१ आवृत्तीपासून ‘ऑन’ला जादा अट जोडता येते. पायथनच्या जँगोने डिसेंबर २०१७मध्ये, २.० आवृत्तीत, याच कामासाठी ‘फिल्टर्डरिलेशन’ दिलं. त्यात एक मेख आहे. या नव्या नात्यावर पुन्हा साधा फिल्टर लावला, तर जॉइन ‘इनर’ होतो आणि उभे ट्रक परत बेपत्ता. शिवाय ‘काउंट’ बिल्टीच्या आयडीचा घ्यावा. नुसत्या ओळी मोजल्या तर शून्याच्या जागी एक येतो.