क्रिप्टोवरचा कर: कायद्यात राहून काय वाचतं?

मंडळी, आधी वाईट बातमी. 2022 च्या अर्थसंकल्पापासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे, वर 4 टक्के उपकर. वजावट फक्त खरेदी किमतीची. बिटकॉइनमधला तोटा इथरच्या नफ्यातून वळता होत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. म्हणून यूट्यूबवरच्या अमेरिकन 'तोटा दाखवा, कर वाचवा' युक्त्या इथे कुचकामी!

मग हातात काय उरतं? कर विकल्यावर लागतो, नुसतं धरून ठेवल्यावर नाही. पण एक नाणं देऊन दुसरं घेणं हीसुद्धा विक्रीच, त्यामुळे उगाच अदलाबदल टाळा. आणि बहुतेकजण विसरतात तो 1 टक्का टीडीएस. तो नफ्यावर नाही, विक्रीच्या पूर्ण रकमेवर कापला जातो. 5 लाखांची विक्री तोट्यात केलीत तरी 5,000 गेले. रिटर्नमध्ये दावा केलात तर ते एकूण करातून वजा होतात, जास्त असतील तर परत मिळतात.

बायकोच्या नावावर टाकायची आयडिया? नफा तुमच्याच उत्पन्नात धरला जातो.

खरेदीच्या नोंदी आजच डाउनलोड करा, रक्कम मोठी असेल तर सीएला विचारा.