शाळू, कडबा आणि सेंद्रियाचा शिक्का

शहरांतील मोठ्या दुकानांत 'सेंद्रिय' असा शिक्का असलेल्या धान्याला अलीकडे स्वतंत्र फळी मिळाली आहे. तेथे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उतारावरचे किन्वा हे धान्यही सुबक पुडक्यात मिळते. शे-दोनशे कोसांवर पिकलेला शाळू मात्र त्या फळीवर क्वचितच आढळतो. सेंद्रिय अन्नाचा आग्रह धरणाऱ्या सुशिक्षित वर्गाने या विसंगतीचा विचार करावयास हवा. जवळ पिकलेले आणि रसायनांवाचून पिकलेले, या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडल्या की दोहोंचाही अर्थ बराचसा हरवतो.

मंगळवेढ्याची ज्वारी हे याचे उत्तम उदाहरण होय. दुष्काळात दामाजीपंतांनी धान्याची कोठारे रयतेला खुली केली, ती याच भूमीत. येथील खोल, काळी, चिकण जमीन पावसाळ्याचे पाणी पोटात धरून ठेवते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी होते आणि पुढे आभाळाकडून फारशी अपेक्षा नसते; मातीतली ओल आणि थंडीतले दव यांवर पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभे राहते. पाणी देण्याची सोय नसल्याने भारंभार रासायनिक खत टाकण्यात शेतकऱ्यास लाभ नसतो. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेले मालदांडी ३५-१ हे संकरित वाण नसल्याने बियाणेही घरचेच राखता येते. कणीस खळ्यावर गेले तरी कडबा उरतो. तो बैलांना, गाई-म्हशींना जातो आणि शेणखत होऊन पुन्हा शेतात येतो. सेंद्रिय शेतीची पुस्तके जे चक्र आकृत्या काढून समजावतात, ते येथे पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले आहे. या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. प्रत्येक शाळू निव्वळ सेंद्रिय असतो असे नव्हे. पेरणीच्या वेळी खताची मात्रा देणारे शेतकरी आहेतच. परंतु रसायनांवाचून घेण्यास याहून सोपे धान्य महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

असे असूनही रब्बी ज्वारीचे क्षेत्र गेल्या काही दशकांत सातत्याने घटले. शिधावाटपातून गहू-तांदूळ घरोघर पोहोचला आणि भाकरीची जागा पोळीने घेतली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने भरड धान्य रुपया किलोने देण्याची तरतूद केली खरी, पण शिधापत्रिकेवर प्रत्यक्षात पडले ते बहुधा गहू-तांदूळच. पाणी आले तेथे ऊस आला. शाळूची काढणी ताटे हातांनी उपटून करावी लागते. त्या कष्टाला मजूर मिळेनासे झाले. २०२३-२४ च्या हंगामात मालदांडीची आधारभूत किंमत क्विंटलला ३,२२५ रुपये होती, संकरित ज्वारीपेक्षा अवघ्या ४५ रुपयांनी अधिक. कोरडवाहू शाळूचे उत्पन्न तुटपुंजे असते, हे ध्यानात घेता हा फरक जवळजवळ थट्टाच म्हणावा लागेल.

सेंद्रिय अन्नाच्या गुणांविषयी बोलताना अतिशयोक्ती टाळलेली बरी. त्यात जीवनसत्त्वे मोठ्या प्रमाणावर अधिक असतात, हा दावा शास्त्राच्या कसोटीवर निर्विवाद ठरलेला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र त्यात कमी आढळतात, आणि दुसरा लाभ तर खाणाऱ्याच्या ताटात दिसतच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कापूस हे अन्न नव्हे. पण पाठीवर फवारणीचा पंप घेऊन भाजीच्या वाफ्यात उतरणारा माणूस तोच असतो. फवारा टळला तर पहिला निःश्वास तो टाकील, ग्राहक नंतर.

प्रश्न उरतो विश्वासाचा. दूरच्या मालाला प्रमाणपत्राशिवाय गत्यंतर नाही. परंतु ते मिळविण्याचा खर्च आणि कागदपत्रे दोन-चार एकरांच्या धन्याला झेपत नाहीत. एका गावच्या शेतकऱ्यांनी एकमेकांची शेते तपासून हमी द्यावयाची, अशी सहभागी पद्धत त्यासाठीच निघाली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनीही, थेट ग्राहकास माल विकणाऱ्या लहान उत्पादकाला प्रमाणपत्रातून सवलत ठेवली. ही सवलत उदार आहे, पण धोक्याचीही आहे. कोणीही पाटी लावून बसू शकतो. शेत जवळ असेल तर मात्र बांधावर जाऊन खत कोणते घातले, गोठ्यात जनावरे किती, हे पाहता येते. गोठा रिकामा आणि धान्य मात्र 'सेंद्रिय' असेल, तर शेणखत कोठून आणले, एवढे विचारावयास तज्ज्ञ लागत नाही.

वर्षाचे धान्य एकदम भरण्याची रीत मध्यमवर्गीय घरांतून अद्याप पुरती गेलेली नाही. शाळा-कचेऱ्यांतील दहा-बारा कुटुंबांनी मिळून एखाद्या गावाशी पेरणीपूर्वीच बोलणी केली, तर शेतकऱ्यास दराचा आणि खपाचा अंदाज येतो. दलाली व पुडक्याचा खर्च वाचून, आधारभूत किमतीहून बराच वर भाव देऊनही ग्राहकास धान्य दुकानातील पुडक्यापेक्षा स्वस्त पडू शकते. अडचण साठवणीची आहे. लहान सदनिकेत चार पोती ठेवावयाची कोठे, आणि भुंग्यांपासून ती राखावयाची कशी? विषारी गोळ्या टाकल्या तर सगळेच मुसळ केरात. म्हणून कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरलेले धान्य शेतकऱ्याच्या घरीच राहू द्यावे, आणि दर दोन महिन्यांनी लागेल तेवढे आणून त्याचे पैसे चुकते करावेत. साठवणीबद्दल क्विंटलमागे काय द्यावयाचे, तेही त्या बोलणीतच ठरवावे.