देवीचा मान आणि गृहस्थाचे दायित्व

आषाढ सरत आला की सावित्रीच्या दोन्ही तीरांवर भाताची लावणी आटोपत येते आणि महाड-पोलादपूरच्या खेड्यापाड्यांतील अनेक घरांना कुलदेवतेच्या व ग्रामदेवतेच्या मानाचे स्मरण होते. काही घरी तो मान नारळाचा व पुरणपोळीचा असतो, काही घरी कोंबड्याचा अथवा बोकडाचा. दीप अमावास्येनंतर श्रावणाचे नेम सुरू व्हावयाचे, म्हणून त्यापूर्वीच हे कार्य उरकण्याकडे लोकांचा कल असतो. बळी द्यावा की देऊ नये, हा वाद जुना आहे. संतांनी त्यावर पुष्कळ उपदेश केला असून कित्येक घराण्यांनी बोकडाऐवजी कोहळा देण्याची रीत स्वीकारली आहे. तो निर्णय ज्या त्या घराण्याचा. आम्हांस येथे एवढेच पाहावयाचे आहे की, ज्या घरी बोकड कापला जातो त्या घरी कायदा कोठवर येतो आणि तो जेथे थांबतो तेथून पुढे कोणाची जबाबदारी सुरू होते.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. कोणत्याही समाजाच्या धर्मास आवश्यक असलेल्या रीतीने प्राणी मारणे हा या कायद्याखाली गुन्हा होत नाही, असे त्याच्या कलम २८ मध्ये म्हटले आहे. मात्र ही सवलत त्या एका कायद्यापुरतीच आहे. गाय, बैल व वळू यांची कत्तल राज्याच्या १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्याने व २०१५ मध्ये अमलात आलेल्या त्याच्या दुरुस्तीने सर्वत्र निषिद्ध आहे. घरच्यासाठी असो की विक्रीसाठी असो, त्यास अपवाद नाही.

शेळी-मेंढीबाबत २००१ चे कत्तलखाना नियम पाहावे लागतात. नगरपालिकेच्या हद्दीत मान्यताप्राप्त वा परवानाधारक कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतील करडू आणि इतके लहान पिल्लू असलेली माता यांना मारण्यास मनाई आहे. कापण्यापूर्वी पशुवैद्यकाने जनावर तपासून दाखला द्यावा लागतो. एका डॉक्टरने तासाला बारांहून अधिक जनावरे तपासू नयेत, इतका बारीक विचार त्यात आहे. एका जनावराच्या डोळ्यांदेखत दुसरे मारू नये, असाही दंडक आहे. महाडला नगर परिषद आहेच; पोलादपूरलाही आता ग्रामपंचायत जाऊन नगर पंचायत आली आहे. वाडवडिलांनी ज्या परड्यात निःशंकपणे मान दिला, त्याच परड्यास आज शहराचे नियम लागू होतात, ही गोष्ट तेथील कुटुंबांनी ध्यानी घ्यावी.

शहराची हद्द ओलांडून घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांत गेले की हे तपासणीचे नियम मागे राहतात. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा व्यवसायाचा विचार करतो. घरच्या माणसांसाठी घरी शिजविलेल्या अन्नाच्या आड तो येत नाही. परंतु त्याच बोकडाचे वाटे घालून पैसे घेतले की ती विक्री झाली. धार्मिक वा सामाजिक समारंभात अन्न वाटणाऱ्यांसाठीदेखील २०११ च्या नियमांत नोंदणीची तरतूद आहे. उत्सवाचे गावजेवण घालणाऱ्या मंडळींनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

मग वाडीवरच्या घरात तपासणी करावयाची कोणी? अर्थातच गृहस्थाने. देवास द्यावयाचे जनावर अव्यंग असावे, हा आपल्याकडील जुना संकेत. त्यामागील श्रद्धा काहीही असो, तो पाळताना जनावर निरखून पाहणे आपोआप घडते. बोकड चारा खातो काय, रवंथ करतो काय, नाकातून शेंबूड वा अंगात ताप आहे काय, हे आदल्या दिवशीच पाहावे. नुकतेच औषध टोचले असल्यास त्याचे मांस किती दिवस वर्ज्य, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

कापल्यानंतर काळीज व फुप्फुसे उजेडात तपासावीत. त्यांवर पाण्याने भरलेले फोड दिसले तर तो भाग कुत्र्यास मुळीच टाकू नये. त्या फोडांतील कृमी कुत्र्याच्या पोटात वाढतात, त्यांची अंडी विष्ठेवाटे अंगणात व भाजीपाल्यावर पडतात आणि तेथून माणसाच्या, विशेषतः मुलांच्या, पोटात जाऊन यकृतात तसेच फोड निर्माण करतात. घरच्या निष्काळजीपणाचे फळ असे वर्षांनंतर घरातच उगवते. असा भाग खोल पुरावा. ओढ्यात अथवा नदीत सोडू नये, कारण खालच्या वाडीचे पाणी तेच असते.

जे जनावर आपोआप मेले, त्यास सुरी लावू नये. जनावर अकस्मात मेले आणि त्याच्या नाकातून वा गुदद्वारातून न गोठणारे रक्त आले, तर काळपुळीचा संशय धरून त्यास न फाडता पशुवैद्यकास कळवावे. त्या रोगाचे बीज मातीत अनेक दशके टिकते. जुलै २०२१ च्या महापुरात या तालुक्यांतील गुरेढोरेही दगावली. अशा वेळी हा नियम विशेष कसोटीस लागतो.

याच महाडात १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने ती अजरामर झाली. परंतु त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांस मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा कळकळीचा उपदेश केला होता. गावगाड्याने जे अन्न त्यांच्या माथी मारले होते, त्याचा त्याग हा प्रथम स्वाभिमानाचा प्रश्न होता. आरोग्यशास्त्रही त्याहून निराळे सांगत नाही.

देवीपुढे ठेवलेले अन्न पुढे प्रसाद म्हणून लेकराबाळांच्या व शेजाऱ्यांच्या पानांत जाते. ते निर्दोष असावे, याची काळजी वाहणे हाही त्या मानाचाच भाग आहे, असे आम्हांस वाटते. यंदाच्या आषाढात ज्यांच्या घरी हे कार्य होईल, त्यांनी शक्य तर जनावर एकवार दवाखान्यात दाखवावे आणि मगच संकल्प सोडावा.