पाणी मानवताना

परगावी गेलेल्या माणसाची तब्येत बिघडली की घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, 'त्याला तिथलं पाणी मानवलं नाही.' माणसाच्या बाबतीत हा अंदाज असतो. काचेच्या टाकीत नव्याने आलेल्या माशाच्या बाबतीत मात्र ते अक्षरशः खरे निदान ठरते.

१९५१मध्ये मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि काचेआडचा मासा पाहणे ही महाराष्ट्रातल्या मुलांची सहल झाली. आता ती काच पिंप्राळ्यासारख्या जळगावच्या उपनगरातल्या बैठकीच्या खोलीतही आली आहे. पण आपण पाहतो ते माशाचे रंग. त्याचा श्वास क्वचितच पाहतो. म्हणून सोमवारी आणलेला गोल्डफिश रविवारी उलटा तरंगताना दिसला की दोष दुकानदाराला किंवा नशिबाला जातो.

माशाचा कल्ला हे नुसते श्वासाचे इंद्रिय नाही. शरीरातला अमोनिया तिथूनच बाहेर पडतो आणि क्षारांचा हिशेबही बराचसा तिथेच सांभाळला जातो. गोड्या पाण्यातल्या माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असते. त्यामुळे पाणी सतत आत झिरपते, क्षार बाहेर निसटतात आणि मूत्रपिंड जादाचे पाणी उपसत राहते. मासा घाबरला की अधिक प्राणवायू मिळावा म्हणून कल्ल्यांतला रक्तप्रवाह वाढतो; पण त्याच वाटेने क्षारांची गळतीही वाढते. भीती काही मिनिटांची असेल तर शरीर सावरते. ती दिवसेंदिवस टिकली तर कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढे राहते, भूक मंदावते आणि रोगप्रतिकारशक्ती खालावते.

ताण ही कल्पना वैद्यकात रुजवली ती हान्स सेल्ये यांनी. १९३६मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून त्यांनी दाखवले की इजा कोणतीही असो, शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखा असतो : आधी धोक्याची हाक, मग तग धरणे, शेवटी थकणे. मत्स्यरोगतज्ज्ञ स्टॅनिस्लास स्निएश्को यांनी १९७४मध्ये माशांविषयी मांडलेला विचारही आपल्या उपयोगाचा आहे. मासा, रोगजंतू आणि परिसर या तिन्ही गोष्टी प्रतिकूल जुळल्या तरच साथ भडकते. जंतू बहुतेक टाक्यांत असतातच. त्यांना संधी देतो तो परिसर.

नव्या माशाचा ताण आपल्या घरी येण्याआधीच सुरू झालेला असतो. चेन्नई, कोलकाता, मुंबई ही शोभेच्या माशांच्या व्यापाराची मोठी केंद्रे. तिथून खानदेशात येईपर्यंत माशाची पिशवी एकापेक्षा जास्त वेळा बदललेली असू शकते. बंद पिशवीत त्याच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लाकडे झुकते आणि साठलेला अमोनिया तुलनेने निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी उघडी करून तासन्‌तास टाकीत तरंगत ठेवणे घातक. ती बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर सोडावी, उघडल्यावर टाकीचे पाणी थोडे थोडे मिसळत थोड्याच वेळात मासा जाळीने उचलून घ्यावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

आपल्या हवामानात हा धोका दुणावतो. २५ अंश सेल्सिअस आणि पीएच ७ असताना पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्का विषारी रूपात असतो. ३० अंश आणि पीएच ८ असताना तो साडेसात टक्क्यांच्या आसपास जातो. बोअरच्या जड पाण्याचा पीएच बहुधा ७च्या वरच असतो. शिवाय पाणी तापले की प्राणवायू कमी धरते : २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. जळगावचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा बंद खोलीतल्या टाकीत काय होत असेल ते यावरून समजावे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन कल्ल्यांना जाळते, ते वेगळेच. अमोनिया पचवणारे जिवाणू नव्या टाकीत पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे नवी टाकी आणि नवे मासे एकाच दिवशी घरी आणणे, ही संकटाला दिलेली दुहेरी तिथी.

मग ओळखायचे कसे? पहिला प्रश्न : एक की सगळे? सगळेच मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करत असतील तर दोष पाण्याचा. पहाटे हे जास्त दिसत असेल तर प्राणवायू कमी पडतो आहे, कारण रात्री टाकीतल्या वनस्पतीही तो वापरतात. एकच मासा कोपरा धरून असेल तर लक्ष त्याच्याकडे द्यावे. यालाही अपवाद आहे. फायटर आणि गुरामी हे मासे आपल्या मरळीसारखे वरची हवा थेट घेतात. त्यांचे वर येणे स्वाभाविक आहे.

दुसरा प्रश्न : किती दिवस? पहिल्या एक-दोन दिवसांत रंग फिका पडणे, लपणे, खाण्याकडे पाठ फिरवणे हे नवखेपण आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही तेच चालू असेल, पर अंगाला मिटलेले असतील, कल्ल्यांची झाकणे आधीपेक्षा भरभर हलत असतील, मासा दगडावर अंग घासत असेल, तर तो आजाराचा उंबरठा. खवले उभे राहून पोट फुगणे किंवा परांच्या कडा कुजणे ही पुढची पायरी.

अंग घासण्याकडे दिवाळीनंतर विशेष लक्ष हवे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग इक्थियोफ्थिरियस या एकपेशीय परजीवीमुळे होतो आणि रात्री पाणी गार होऊ लागले की त्याला फावते. रव्याच्या कणांसारखे ठिपके दिसण्याआधीच तो कल्ल्यांत शिरलेला असू शकतो. कातडीखाली असताना त्याच्यावर औषध चालत नाही. पिकलेला परजीवी माशावरून गळून तळाशी जातो, तिथे त्याची शेकडो पिल्ले होतात, आणि दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध लागू पडते ते या मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांवरच. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणे ही मोठी चूक ठरते; २५ अंशांना हे चक्र आठवड्याभरात फिरते, थंडीत त्याहून बरेच लांबते. हीटरने पाणी हळूहळू २८-३० अंशांपर्यंत नेले तर चक्र वेगाने उरकते. पण मग हवेचा पंप वाढवावा लागतो.

निदानाआधीच प्रतिजैविकाची गोळी टाकणे मात्र टाळावे. अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणूही तीत मरू शकतात आणि आजारी माशावर विषाचा भार वाढतो. आधी अमोनिया आणि नायट्राइट तपासावे, क्लोरीन घालवलेल्या आणि तेवढ्याच तापमानाच्या पाण्याने पाव भाग पाणी बदलावे, खाणे कमी करावे. लिटरमागे एक ग्रॅम साधे मीठ क्षारांची गळती कमी करते आणि नायट्राइटची बाधाही रोखते. कॅटफिशच्या जातींना ते जपून द्यावे. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वेगळा टब. त्यात नव्या माशाने तीन-चार आठवडे काढले की जुन्या माशांची काळजी मिटते.

या दक्षतेचा संबंध फक्त आपल्या टाकीशी नाही. १९८८च्या सुमारास माशांचा व्रणरोग ईशान्य भारतात पोहोचला आणि पुढच्या काही वर्षांत देशभरच्या तळ्यांत पसरला. ॲफॅनोमायसिस या बुरशीसदृश जीवाचा हा रोग थंडीच्या दिवसांत बळावतो, आणि मरळ त्याला लवकर बळी पडते. 'निदान तिथे तरी जगेल' म्हणून आजारी मासा मेहरूण तलावात किंवा गिरणेत सोडणारा माणूस त्या माशाला वाचवत नाही. मासेमारीवर पोट असलेल्या घरांच्या पाण्यात मात्र तो नवा रोग सोडू शकतो. मेलेला मासा मातीत पुरावा आणि टाकीतले पाणी तलावात, नाल्यात न सोडता अंगणातल्या झाडांना घालावे. मीठ घातलेले असेल तर मोरीत ओतावे.