उत्क्रांती शिकवल्याने मुलं बिघडतात?

दहावीचा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘जगात बळी तो कान पिळी, असं डार्विनच सांगतो. मग पोरं नीतीनं वागतील कशाला?’ पालक हे बोलतात, क्वचित शिक्षकही. डार्विन न वाचता त्याच्या नावावर दांडगाई खपवली जाते, याची खरोखर चीड येते.

वस्तुस्थिती अशी. ‘सर्वांत लायक तोच टिकतो’ हे शब्द हर्बर्ट स्पेन्सरचे, 1864 सालचे. डार्विनने ते ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या 1869 च्या आवृत्तीत उचलले. त्यातही लायक म्हणजे बलदंड नव्हे. त्या परिस्थितीत तग धरून जास्त संतती मागे ठेवणारा. 1871 च्या ‘डिसेंट ऑफ मॅन’मध्ये डार्विनने नीतीच्या जाणिवेचीच चर्चा केली आहे. ज्या टोळीत एकमेकांच्या मदतीला धावणारी, सर्वांसाठी झीज सोसणारी माणसं जास्त, ती टोळी वरचढ ठरते, असं त्याचं म्हणणं.

एकमेकांना मदत करण्याची प्रवृत्ती निसर्गात आहे, याला निरीक्षणांचा आधार आहे. रक्त पिणारं वटवाघूळ दोन-तीन रात्री उपाशी राहिलं तर मरतं. पोट भरलेलं वटवाघूळ अशा सोबत्याला स्वतः प्यायलेलं रक्त ओकून भरवतं, हे जेराल्ड विल्किन्सन यांनी 1984 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. वार्नेकेन आणि टोमासेलो यांचा 2006 चा प्रयोग तर वर्गात सांगावाच. कपडे वाळत घालताना माणसाच्या हातून चिमटा पडतो, त्याचा हात पोचत नाही. दीड वर्षाचं मूल तो उचलून देतं. बक्षीस नाही, शाबासकी नाही. तोच चिमटा मुद्दाम फेकला, तर मूल सहसा उचलून देत नाही. 24 पैकी 22 मुलांनी निदान एका कामात तरी अशी मदत केली.

मग निसर्गात आहे ते सगळं योग्यच? मुळीच नाही. आपल्या टोळीचा लळा आणि परक्याचा संशय हाही त्याच वारशाचा भाग असू शकतो. एखादी प्रवृत्ती कुठून आली हे कळलं, म्हणून तसं वागायला परवानगी मिळत नाही. जे आहे त्यावरून जे असावं ते ठरत नाही, हे डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकातच दाखवलं.

आणखी काही गैरसमज:

‘स्वार्थी जनुक म्हणजे स्वार्थी माणूस.’ नाही, ते रूपक जनुकांपुरतं आहे. नातलगांत आपली काही जनुकं असतात, म्हणून त्यांच्यासाठी केलेला त्याग त्याच हिशेबाने समजतो.

‘नीती जन्मजात, मग शिकवायची कशाला?’ बोलण्याची क्षमताही जन्मजात असते. भाषा शिकावीच लागते.

‘नीती फक्त माणसातच.’ पूर्ण नीतिव्यवस्था माणसाची; सहानुभूतीच्या खुणा वानरांतही दिसतात.

शिक्षकांना विनंती एवढीच: हा धडा घाईने उरकू नका. आपल्या गल्लीतल्या मुलाची चूक आपण पोटात घालतो, परक्याची का नाही, हे मुलांना विचारा आणि त्यांना वाद घालू द्या. आपल्या मनाचे कल ओळखणारं मूल त्यांना आवर घालायलाही शिकू शकतं.